विद्यापीठाच्या आवारातली जनावरं : नियमावली लिहायला बसलेय, मदत करा

पऱ्हाटी | 3 डिसेंबर, रात्री 9:40

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी शिकवते त्या विद्यापीठाचं आवार तालुक्याच्या गावापासून 9 किलोमीटर लांब, चारी बाजूंनी वावरं. नाव सांगत नाही, उगाच नोटीस यायची. गेल्या आठवड्यात आमच्याकडे 'आवारातील प्राणी नियमन समिती' झाली आणि तिची सदस्य-सचिव मी. ज्या बैठकीत ठरलं तिला मी गैरहजर होते, म्हणूनच माझं नाव पडलं.

निमित्त दोन. सर्वोच्च न्यायालयाचा 7 नोव्हेंबर 2025 चा आदेश तुम्ही वाचला असेल : शैक्षणिक संस्था, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हटवा, कुंपण घाला, एक जबाबदार अधिकारी नेमा. त्यावरून 'वरून' पत्र आलं. दुसरं म्हणजे मेसमध्ये भांडी घासणाऱ्या मावशींना कुत्रं चावलं. पहाटे साडेपाचला, मागच्या दारी, जिथं रात्रीचं उष्टं टाकतात तिथंच. पोटरीत दोन दात. मावशींनी हळद भरली, फडकं बांधलं आणि पोळ्या लाटायला बसल्या. कुणाला बोलल्याच नाहीत. दुपारी फडकं लाल झालेलं एका मुलीनं पाहिलं तेव्हा कळलं.

आता मसुदा. तो मला तयारच मिळाला, चार पानी. कुठल्यातरी शहरी सोसायटीचा आणि कुठल्यातरी अमेरिकन विद्यापीठाचा मिळून शिवलाय. 'लिफ्टमध्ये पाळीव प्राणी नेताना मुसके घालावे' असं एक कलम आहे. आमच्या आवारात लिफ्ट एकच, प्रशासकीय इमारतीत, आणि तिच्यावर चिकटवलेला 'बंद आहे'चा कागदसुद्धा आता पिवळा पडलाय. चारातली साडेतीन पानं साखळीला बांधलेल्या कुत्र्यांवर. बकरी हा शब्द एकदाही नाही.

आणि आवारात काय आहे? पाच-सहा प्रोफेसरांचे लॅब्राडोर आणि पॉमेरेनियन. टाईप-1, म्हणजे सगळ्यात लहान पगाराच्या कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरांच्या मागे बकऱ्या नि कोंबड्या. एका बाबूंच्या व्हरांड्यात पिंजऱ्यातला पोपट. डेअरी फार्म, पोल्ट्री युनिट, प्रयोगशाळेतले उंदीर-ससे. होस्टेलची 11 कुत्री. वांदरं किती ते वांदरांनाच ठाऊक. शिवाय शेजारच्या गावची ढोरं, जी सकाळी आत येतात आणि संध्याकाळी आपली आपण जातात.

12 तारखेला बैठक आहे. काय लिहू?

---

गुरांचा_डॉक्टर | 3 डिसेंबर, रात्री 10:15

नियमावली राहू द्या. मावशींना लस दिली का?

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त, माणसांचा डॉक्टर नाही. पण रेबीजची गाय आणि रेबीजचं कुत्रं दोन्ही पाहिलंय, म्हणून लिहितो. कुत्रं चावलं की पहिलं औषध साबण. नळाखाली धार धरून 15 मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू यातलं काहीही भरायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. कातडीत द्यायची लस असेल तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दंडात द्यायची असेल तर 14 व्या दिवशीचा आणखी एक डोस. दात रुतून रक्त आलंय, म्हणजे तिसऱ्या श्रेणीची जखम. तिला लसीबरोबर जखमेत भरायचं सिरमही लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असते, सिरम असेलच असं नाही. नसलं तर पुढं पाठवतात, तिथं जायचं. 'लस झाली ना, पुरे' म्हणून परत यायचं नाही.

आणि ते कुत्रं मारू नका, हाकलूही नका. 10 दिवस नजरेखाली ठेवा. दहाव्या दिवशी ठणठणीत असेल तर मोठी काळजी मिटली. मारलं तर काहीच कळणार नाही. लस मात्र तोवर थांबवायची नाही.

---

पऱ्हाटी | 3 डिसेंबर, रात्री 10:31

दिली, डॉक्टर साहेब. त्याच दिवशी संध्याकाळी. सिरमसाठी जिल्ह्याला जावं लागलं, गाडी विद्यापीठाची मिळाली नाही, एका सरांनी स्वतःची दिली. परवा तिसरा डोस झाला. मावशी म्हणतात, 'चावलं त्याले काय मालूम, त्याले वाटलं मी त्याची पोळी नेऊन राहिली.'

---

बाभूळबन | 3 डिसेंबर, रात्री 11:02

मॅडम, तुमच्या मसुद्यात बकरी नसन, पन माह्या थिसिसात हाय.

मी एमएस्सी अ‍ॅग्री, दुसरं वर्ष, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत. हरभऱ्याची ट्रायल, आरबीडी म्हंजे रँडमाईज्ड ब्लॉक डिझाईन, 7 ट्रीटमेंट (टी-वन ते टी-सेव्हन), 3 रेप्लिकेशन (आर-वन ते आर-थ्री), म्हंजे 21 प्लॉट. उगवन झकास झाली होती. एक दिवस सकायी जाऊन पायतो तं आर-थ्री गायब. बकऱ्या धुऱ्याकून, म्हंजे बांधाकून घुसल्या अन् लाईनीनं खात गेल्या, टी-वन पासून टी-सेव्हन पर्यंत. कोनतीच ट्रीटमेंट सोडली नाई. एवढी निःपक्षपाती परीक्षक मी आजवर पायली नाई.

गाईड म्हन्ते 'मिसिंग प्लॉट'चं सूत्र लाव. एखादा प्लॉट गेला तं लावता येते ना, इथं अख्खा ब्लॉकच चरून टाकला.

बकऱ्या कोनाच्या ते मले मालूम हाय. पन रात्री बाराले पाईप धरून माह्या प्लॉटले पानी द्याले तोच मानूस यिते. भांडू कोनासंग?

---

शेगावची_कचोरी | 4 डिसेंबर, सकाळी 8:20

बाभूळबन, हसू नये पण हसले. सॉरी.

पऱ्हाटी ताई, मी होस्टेलला राहून कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांपैकी एक, म्हणजे तुमच्या समितीची शत्रू. आमच्या होस्टेलला टिकल्या आहे. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकल्या. मादी आहे, पण ते नंतर कळलं. आम्ही वर्गणी काढून तिची नसबंदी शहरातल्या दवाखान्यात केली, रेबीजची लस दरवर्षी देतो, नसबंदीची खूण म्हणून कानाला व्ही आकाराची खाच आहे. रात्री लायब्ररीतून परत येताना ती दारापासून होस्टेलच्या गेटपर्यंत सोबत येते. आमच्या रस्त्यावरचे चारपैकी तीन दिवे बंद आहेत आणि ते लावायला कुठलीच समिती झालेली नाही. आता तिला 'हटवायचं' म्हणजे नेमकं कुठं न्यायचं? 2023 च्या नियमांत तर जिथून उचललं तिथंच परत सोडायचं लिहिलंय ना?

---

जुना_रजिस्ट्रार | 4 डिसेंबर, सकाळी 9:45

कचोरी बेटा, तुझं नियमांचं वाचन बरोबर, पण अर्धवट.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्याखालचे प्राणी जन्म नियंत्रण नियम 10 मार्च 2023 चे. त्यात नसबंदी आणि लसीकरण करून त्याच जागी सोडायचं, ही मूळ रीत. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून दोन आदेश झाले. 11 तारखेचा कडक, 22 तारखेचा नरम. त्या दुसऱ्याने पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची परत सोडायला मुभा दिली आणि खाऊ घालायला ठरलेल्या जागा करा म्हटलं. पण 7 नोव्हेंबरचा आदेश शैक्षणिक संस्थांसारख्या जागांपुरता वेगळा आहे : तिथून उचललेलं कुत्रं नसबंदीनंतरही तिथं परत सोडायचं नाही, निवाऱ्यात ठेवायचं.

आता कचोरीचा खरा प्रश्न : कुठं? उचलायचं काम स्थानिक संस्थेचं. शहरात महानगरपालिका. पऱ्हाटी मॅडमचं आवार 9 किलोमीटर बाहेर, म्हणजे ग्रामपंचायत. तिच्याकडे एक सचिव, तोही दोन गावांचा, आणि घंटागाडी बंद. निवारा कुठला काढणार? आणि आपल्याच पशुवैद्यकाकडून हॉल रिकामा करून सरसकट नसबंदी उरकू म्हणाल तर तेही नाही. असा कार्यक्रम घ्यायला प्राणी कल्याण मंडळाची प्रकल्प मान्यता असलेली संस्थाच लागते.

म्हणून माझा सल्ला प्रशासकीय आहे. जबाबदार अधिकारी लेखी नेमा, त्याचं नाव गेटवर लावा, कुत्र्यांची मोजणी फोटोसह करा, ग्रामपंचायतीला आणि पंचायत समितीला पत्र द्या, पोच घ्या. आवक-जावक क्रमांकाशिवाय या देशात कुत्रंसुद्धा हलत नाही.

---

गुरांचा_डॉक्टर | 4 डिसेंबर, सकाळी 10:30

रजिस्ट्रार साहेबांच्या पोचेला मी खालून एक जोड देतो. कुत्री का आहेत? मेसच्या मागचं उष्टं. 11 कुत्री उचला, उष्टं तसंच ठेवा, महिनाभरात शेजारच्या गावातून दुसरी 11 येतील. ती टिकल्यासारखी लस दिलेली नसतील आणि पोरांना ओळखतही नसतील. मी तीस वर्षं हेच पाहत आलो.

दुसरं, कुत्र्यांच्या मागोमाग कोण येतं? अमरावतीच्या विद्यापीठाच्या आवारात बिबट्या दिसल्याच्या बातम्या आपण इतक्यांदा वाचल्यात. पोहरा-मालखेडचं जंगल लागूनच आहे. बिबट्याला पदवी नको असते, त्याला कुत्रं आणि डुक्कर लागतं. उष्टं झाकणाच्या ड्रममध्ये जमा करून डेअरीच्या गोबरगॅसला घाला. नियमावलीतलं पहिलं कलम तेच करा, कुत्र्यांचं दहावं.

आणि समितीत कुणी दबक्या आवाजात 'गोळ्या घालून टाकू' म्हणालं, आणि म्हणतंच कुणीतरी, तर त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 325 वाचून दाखवा. जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

---

ओहायोतली_यवतमाळकर | 4 डिसेंबर, दुपारी 12:10

पऱ्हाटी ताई, तुमच्या मसुद्यातलं अमेरिकन ठिगळ ओळखीचं वाटतंय. मी इथं पीएचडी करते आणि होस्टेलच्या फ्रंट डेस्कवर बसते. 'हे जनावर आत चालतं का' हा प्रश्न रोज येतो.

इथं तीन डबे वेगवेगळे आहेत, कारण तिन्हींमागचा हक्क वेगळा. पेट म्हणजे हौसेचं जनावर. होस्टेलात बहुतेक ठिकाणी काचेच्या छोट्या टाकीतल्या माशाखेरीज काही चालत नाही. सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे अपंग माणसासाठी काम करायला शिकवलेला कुत्रा. अंध माणसाला वाट दाखवणारा, फिट यायच्या आधी सावध करणारा. त्याला 1990 च्या अपंगत्व कायद्याचं संरक्षण. वर्ग, लायब्ररी, मेस, सगळीकडे प्रवेश. त्याच्या मालकाला मला दोनच प्रश्न विचारता येतात : हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला काय काम शिकवलंय. कागद मागायचा नाही, 'करून दाखव' म्हणायचं नाही, आजार विचारायचा नाही. 2011 पासून या डब्यात कुत्राच, आणि अपवादाने बुटका घोडा. हो, घोडा. मी अजून पाहिला नाही, पण फ्रंट डेस्कवर बसताना आशा सोडलेली नाही.

तिसरा डबा भावनिक आधाराच्या जनावरांचा. त्याला घरभाड्याचा वेगळा कायदा लागतो. ते खोलीत राहू शकतं, वर्गात नाही.

आपल्याकडे हे जसंच्या तसं चिकटवण्यात अर्थ नाही. पण एक ओळ मात्र ठेवा. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 'वाजवी सोय' करून द्या म्हणतो. उद्या कुणी मार्गदर्शक कुत्रा घेऊन प्रवेशाला आलं तर गेटवरच्या दादाने 'कुत्र्यांना बंदी आहे'चा बोर्ड दाखवू नये.

---

पांढरी_काठी | 4 डिसेंबर, दुपारी 1:55

मी एमए करतो, मला दिसत नाही. स्क्रीन रीडरवर धागा ऐकतोय. ताईंची ओळ ठेवाच, पण विदर्भात मार्गदर्शक कुत्रा घेऊन चालणारा मला अजून भेटलेला नाही. मी काठीवाला. माझा प्रश्न उलटा आहे.

कुत्री दुपारी कॉरिडॉरमध्ये झोपतात, कारण फरशी गार. उन्हाळ्यात तर प्रत्येक दारात एक. काठी त्यांच्या पोटाला लागते. टिकल्यासारखी जुनी कुत्री उठून बाजूला होतात, नवीन गुरगुरतात. काठीला मऊ लागलं की मी जागीच थांबतो, मग वाट पाहतो, मग कुणीतरी येतं. ढोरांचं बरं असतं, घंटी वाजते. शेणाला घंटी नसते.

माझी मागणी साधी. कुत्र्यांना सावली आणि पाण्याचं टाकं इमारतीपासून लांब, झाडाखाली करा. तिथं गारवा असला तर ती दारात येणार नाहीत. आणि सायकली रॅम्पवर लावू नका, हे प्राण्यांच्या नियमावलीत बसत नाही, पण आलोच आहे तर सांगून टाकतो.

---

शेगावची_कचोरी | 4 डिसेंबर, दुपारी 2:20

@पांढरी_काठी, आम्ही खायला कॉरिडॉरच्या टोकाशीच घालतो. हे डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून चिंचेखाली.

---

क्वार्टर_टाईप_वन | 4 डिसेंबर, रात्री 9:15

बराच वेळ लिहू की नको करत होतो. बाभूळबन भाऊ, तुझ्या रात्री पाणी देणाऱ्या माणसासारखाच माझा बाप. तुझ्याच विद्यापीठातला नसेल, पण तसाच.

आम्ही टाईप-1 मध्ये 22 वर्षं राहिलो. दोन खोल्या, मागं टिनाचं शेड, त्यात 6 बकऱ्या. बेरारी, तांबूस रंगाच्या. माझ्या बीएस्सीची प्रत्येक फी एकेक बोकड विकून भरली, बकरीदच्या आधी भाव येतो तेव्हा. बाप रोजंदारीवरून कायम व्हायला 17 वर्षं लागली, तोवर बकऱ्याच आमचा भविष्य निर्वाह निधी होत्या.

मॅडम, तुमच्या मसुद्यात कुठंतरी 'व्यावसायिक हेतूने प्राणी पाळण्यास मनाई' असं वाक्य असेल. नसेल तर बैठकीत कुणीतरी घालेल. ते दिसायला साधं, पण त्यात फक्त टाईप-1 अडकतं. लॅब्राडोर काही विकायला पाळलेला नसतो. तोच लॅब्राडोर मे महिन्यात 46 डिग्रीत गच्चीवर बांधून साहेब नाशिकला गेले, तेव्हा दोन दिवस त्याला पाणी कुणी पाजलं? माझ्या आईनं. हौसेच्या जनावराला अर्ज नाही, पोटासाठीच्या जनावराला दंड, एवढं होऊ देऊ नका.

हरभऱ्याचं वाईट वाटलं भाऊ. आमच्या बकऱ्यांनी एकदा सोयाबीनचा प्लॉट खाल्ला होता, तेव्हा बापानं आठवडाभर कुणाला तोंड दाखवलं नव्हतं.

---

बाभूळबन | 4 डिसेंबर, रात्री 9:40

भाऊ, तुह्या बापाले नमस्कार सांग. आर-थ्री पुन्हा पेरली, उशिरा का होईना. गाईडले सांगतलं नाई अजून.

---

गुरांचा_डॉक्टर | 5 डिसेंबर, सकाळी 7:50

टाईप वन, तुझं पटलं. तरी मला तुझ्या विरोधात एक गोष्ट लिहावीच लागेल. बकऱ्या असू द्या, पण डेअरीपासून लांब.

विद्यापीठाच्या डेअरीत नुसती दुधाची गाय नसते. कुठं गवळाऊचा कळप असतो, कुठं नागपुरी म्हशीचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. खुरकूत म्हणजे तोंडात आणि खुरात फोड येणारा रोग, गाय, म्हैस, बकरी, डुक्कर सगळ्यांना होतो आणि चपलेच्या तळव्यावरूनही आत जातो. एका मोकाट जनावरानं कुंपणाशी नाक लावलं तरी पुरे. लम्पीच्या वेळी, 2022 मध्ये, माशा-गोचिडांना कुंपण दिसत नाही हे आपण शिकलोच. म्हणून नियम बकरीच्या जातीवर किंवा मालकाच्या पगारावर न करता अंतरावर आणि लसीवर करा. बकरीला पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) आणि खुरकूतीची लस, कानात बिल्ला, बांधून चारा. सुबाभूळ नि शेवरी धुऱ्यावर लावायला द्या, तोडून आणून घालतील.

कोंबड्यांवर मात्र मी कडक आहे. आवारात पोल्ट्री युनिट असेल तर क्वार्टरांत परसातली कोंबडी नको. बर्ड फ्लू निघाला तर बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारावे लागतात आणि 10 किलोमीटरपर्यंत पाळत राहते. म्हणजे एका क्वार्टरातल्या चार कोंबड्यांपायी अख्खं युनिट जाऊ शकतं, आणि भोवतालच्या गावांतल्या कोंबड्याही. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात वाघ बर्ड फ्लूनं गेले, कोंबडी तर कोंबडी आहे.

प्रयोगशाळेतल्या उंदीर-सशांना या नियमावलीत ओढू नका, त्यांची वेगळी नैतिकता समिती असते. फक्त एक लिहा : प्रयोग संपला म्हणून ससा कुणी लेकरांना खेळायला घरी न्यायचा नाही. नेतात, मी पाहिलंय. आणि पोपट, मॅडम, तो सोडवाच. आपला कंठवाला पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. परस्पर उडवू नका, पंख कापलेला असेल तर मांजर खाईल. वनखात्याला कळवा.

---

ई_क्लास | 5 डिसेंबर, रात्री 8:05

नमस्कार मॅडम. मी कास्तकार, 5 एकर. युनिव्हर्सिटीत शिकलो नाई, पन आमच्या गावाले एक लागून हाय. तुमची नसन तं तिची बहीन असन.

सगळ्याईचं वाचलं. कुत्र्याचं झालं, बकरीचं झालं, पोपटाचं बी झालं. तुमीच पयल्या पोस्टमंधी लिवलं का गावची ढोरं सकायी आत यितात अन् संध्याकायी आपले आपून जातात. त्याईच्याबद्दल कोनी बोललंच नाई.

ते कावून यितात ते सांगतो. आमच्या लहानपनी तिथं ई-क्लास होता. पुन्या-मुंबईच्या लोकाईसाठी : ई-क्लास म्हंजे गायरान, चराईची सरकारी जमीन. सकायी ढोरकी आखरावर ढोरं जमा करे अन् पांदनीनं, म्हंजे वावरातल्या गाडीवाटेनं, ई-क्लासात ने. मंग युनिव्हर्सिटी आली. चांगलं झालं, गावचे धा-बारा पोट्टे तिथं कामाले लागले. ई-क्लास गेला, पांदन तेवढी राह्यली. तिच्यानं ढोरं पलीकडच्या नाल्यावर जातात, नवतप्यात बी तिथल्या डोहात पानी राह्यते. तुमाले वाटते ढोरं युनिव्हर्सिटीत घुसले. ढोराले वाटते आपून रोजच्या रस्त्यानं चाललो.

आता कंपाउंड घालून रायले. तीन हप्त्यापासून पांदनीचं तोंड बंद हाय. ढोर म्हंजे सायबाची गाडी नोहे, गेट बंद दिसलं का वळवली. ते तिथंच उभं राह्यते, भिताडाले शिंग घासते. मंग ढोरकी त्याईले हायवेनं फिरवून नेते, दोन किलोमीटर. मांगच्या मयन्यात माही कालवड ट्रकखाली गेली. सात मयन्याची गाभन होती.

पत्र कोनाले देऊ अन् पोच कोनाची घेऊ, रजिस्ट्रार सायेब?

---

जुना_रजिस्ट्रार | 5 डिसेंबर, रात्री 9:30

ई_क्लास भाऊ, वाचून वाईट वाटलं. मी नोकरीत असताना अशा एका पांदणीवर भिंत घालायच्या फायलीवर सही केलेली आहे. तेव्हा नकाशात ती दोन तुटक रेघांची वाट होती, आणि आम्ही सगळ्यांनी ती नाला समजून सोडून दिली. समजून म्हणजे सोयीनं समजून.

आता कामाचं. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. पांदण त्यात असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली रस्ता अडवल्याचा अर्ज करा. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. तुमचे तीन आठवडे झालेत, बसू नका.

आणि पऱ्हाटी मॅडम, तुमच्यासाठी. 7 नोव्हेंबरचा जो आदेश दाखवून भिंत घालताय, त्याच आदेशात महामार्गांवरची मोकाट गुरं हटवायलाही सांगितलंय. कुत्र्यांसाठी पांदण बंद करून ढोरं हायवेवर काढली, तर एका परिच्छेदाचं पालन करताना दुसरा मोडला. हे बैठकीत याच शब्दांत मांडा. कुंपण म्हणजे गेट नसलेली भिंत, असं कोर्टानं कुठंही म्हटलेलं नाही.

कोंडवाड्याची सूचना येईलच. गुरे अतिक्रमण कायदा 1871 चा आहे, इंग्रजांनी केलेला. ज्यांची वाट आपण अडवली त्यांच्याकडूनच कोंडवाड्याचा दंड घ्यायचा म्हणजे जरा जास्तच होतं.

---

शेगावची_कचोरी | 5 डिसेंबर, रात्री 10:00

माझ्याकडे बोलायला काही नाही. कालवडीचं वाचून गप्प झाले.

---

पऱ्हाटी | 12 डिसेंबर, रात्री 10:50

बैठक झाली. साडेतीन तास. त्यातला एक तास 'प्राणी' की 'जनावर' यावर.

जमलं ते आधी. उष्टं येत्या परवापासून झाकणाच्या ड्रममध्ये, तिथून गोबरगॅसला. डॉक्टर साहेब, पहिलं कलम तेच. कुत्र्यांना टाकं आणि सावली चिंचेखाली, इमारतीपासून 60 पावलांवर. पांढरी_काठी, तुमची पोस्ट मी मोठ्यानं वाचून दाखवली. रॅम्पवरच्या सायकलींचंही इतिवृत्तात घातलंय, विषय क्रमांक नसताना. सहाय्यक कुत्र्याची ओळ सगळ्यांनी बिनविरोध मान्य केली, कारण असा कुत्रा येईल असं कुणालाच वाटत नाही. चालेल. लॅब्राडोर आणि बकरी दोघांना एकच अर्ज : नाव, लसीची तारीख, मालकाची सही. एक सर चिडले, 'माझा कुत्रा आणि बकरी एकाच फॉर्मवर?' मी म्हटलं, रेबीज दोघांनाही होतो सर.

अडकलं ते. बकऱ्या तीनच, त्याही बांधून, डेअरीपासून 300 मीटर, इथपर्यंत आले. 'व्यावसायिक हेतू'चं वाक्य दोनदा काढलं, दोनदा परत आलं, शेवटी 'पुढील बैठकीत' गेलं. टाईप वन, मी सोडलेलं नाही. 11 कुत्र्यांचं पत्र ग्रामपंचायतीला गेलं, पोच आली, उत्तर नाही. टिकल्या सध्या तिथंच आहे. जबाबदार अधिकारी कोण, तर मी. पोपटवाले बाबू म्हणाले, 'मी पाळला नाही, तोच स्वतःहून आला.' पिंजऱ्यात? त्यावर ते चहा घ्यायला गेले. वनखात्याला फोन केलाय.

पांदण. रजिस्ट्रार साहेबांचं वाक्य जसंच्या तसं वाचलं. पाच मिनिटं कुणी बोललं नाही, मग इस्टेट विभागाचे म्हणाले की कंत्राटदाराचं बिल निघालंय, आता भिंत फोडता येणार नाही. शेवटी पाहणीला गेलो सगळे. भिंतीवर शिंगांनी घासल्याच्या खुणा आहेत, कमरेएवढ्या उंचीवर, नवं प्लास्टर निघालंय. इस्टेटवाले बराच वेळ तिथं हात लावून उभे होते. लोखंडी गेट बसवायचं ठरलं, आणि कधी नव्हे ते आज दुपारी बसलंसुद्धा. दोन्ही बाजूंना तारेची जाळी, म्हणजे ढोरं प्लॉटात शिरणार नाहीत. सकाळी 7 ते 8, संध्याकाळी 5 ते 6 उघडं. तात्पुरतं आहे, कागदावर 'प्रायोगिक तत्त्वावर' असंच लिहिलंय.

---

ई_क्लास | 12 डिसेंबर, रात्री 11:20

म्हंजे ते तुमचीच युनिव्हर्सिटी होय. मी दुपारी पायलं गेट. निळा रंग मारला. चाबी कोनापाशी राह्यते?

---

पऱ्हाटी | 12 डिसेंबर, रात्री 11:24

अहो, म्हणजे ती कालवड आमच्याच भिंतीपायी? काय बोलू भाऊ.

चौकीदाराच्या ड्युटीचा आदेश निघायचाय. चावी सध्या माझ्या पर्समध्ये आहे.

---

ई_क्लास | 12 डिसेंबर, रात्री 11:31

मंग उद्या सकायी साताले या, मॅडम. उशीर नोका करू, ढोरं पावनेसातलेच येऊन उभे राह्यतात.